लकव्यावरील ‘स्टेम सेल’ इलाज : पैसे मोजण्याआधी माल पारखा

घरातील कर्त्या माणसाला लकवा झाला की सारी घडी विस्कटते. माग चालवणारा हात लुळा पडतो, गिऱ्हाइकाशी बोलणारी जीभ अडखळते आणि दुकानाच्या किल्ल्या एकाएकी मुलाच्या वा भावाच्या हाती येतात. महिना-दोन महिने दवाखाना झाल्यावर कोणी तरी नातेवाईक एक जाहिरात आणून देतो. स्टेम सेलच्या इंजेक्शनाने मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा तयार होतात, लुळा हात उठू लागतो, असे त्यात लिहिलेले असते. खर्च काही लाख रुपये. मग माग विकायचे, गाळा गहाण ठेवायचा की घरातील दागिने मोडायचे, याची चर्चा सुरू होते.

हा सौदा लाखांचा आहे, म्हणून व्यापाराच्या पानावर त्याचा हिशेब मांडणे आम्हाला गैर वाटत नाही. आम्ही डॉक्टर नाही, कापडाचे व्यापारी आहोत. परंतु या इलाजाचे प्रयोग झालेले आहेत, त्यांचे आकडे छापून आलेले आहेत आणि आकडे वाचणे व्यापाऱ्याला अवघड नसते. तेच आकडे आम्ही आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

आजार काय आहे?

मराठीत पक्षाघात, अर्धांगवायू किंवा लकवा, आमच्या घरांत फालिज आणि डॉक्टरांच्या भाषेत स्ट्रोक. नावे वेगळी असली तरी गोष्ट एकच आहे. मेंदूला रक्त पोहोचवणारी नळी बंद पडते किंवा फुटते. बहुतेक रुग्णांत रक्ताची गुठळी अडकून नळी बंद झालेली असते, बाकीच्यांत ती फुटून रक्तस्राव झालेला असतो. रक्त न मिळालेला भाग मरू लागतो. मोठी नळी बंद पडली आणि इलाज झाला नाही तर दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली एका अमेरिकन डॉक्टरांनी मांडला होता. कातडीची जखम जशी नव्या पेशींनी भरून येते, तशी मेंदूची जखम भरून येत नाही.

तरीही लकव्याचा माणूस काही प्रमाणात सुधारतो. याचे कारण असे की, मेंदूचे शाबूत राहिलेले भाग हळूहळू मेलेल्या भागाचे काम शिकतात. एक कारागीर आजारी पडला की शेजारचा कारागीर त्याचेही माग सांभाळू लागतो, त्यातलाच हा प्रकार. सुरुवातीला धागे तुटतात, मग हात बसतो. ही सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वात वेगाने होते, त्यानंतर तिचा वेग मंदावतो. पुढेही मेहनत चालू ठेवली तर थोडाफार फरक पडत राहतो. म्हणजे कोणतेही इंजेक्शन न घेता सुधारणा होत असते. ही गोष्ट वाचकांनी पक्की लक्षात ठेवावी. पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा आहे.

स्टेम सेल म्हणजे काय?

स्टेम सेलला मराठीत मूलपेशी म्हणतात. कोऱ्या कापडाला ज्याप्रमाणे अजून रंग लागलेला नसतो, त्याप्रमाणे या पेशीने अजून कोणतेही एक काम पत्करलेले नसते. हाडाच्या आतील गरात, म्हणजे अस्थिमज्जेत, अशा पेशी असतात आणि त्यांपासून आपले रक्त आयुष्यभर तयार होत राहते. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण केले जाते, तो याच पेशींचा इलाज आहे. तो पूर्णपणे सिद्ध झालेला आहे आणि त्याची वाट दाखवणारे डॉ. ई. डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या कातडीच्या साध्या पेशीला पुन्हा मूळ, कोऱ्या अवस्थेत नेऊन दाखवले. त्यांनाही २०१२ साली नोबेल मिळाले. तेव्हा स्टेम सेल ही काही थाप नाही, ते खरे आणि मोठे विज्ञान आहे.

प्रश्न एवढाच आहे की, लकव्यावर तिचा उपयोग होतो का? फाटलेल्या कापडावर सुताची लड ठेवली म्हणजे रफू होत नाही. प्रत्येक धागा उभ्या-आडव्या धाग्यांत बरोबर गुंतवावा लागतो. मेंदूत तर एकेका पेशीचे हजारो पेशींशी दुवे असतात. शिवाय शिरेतून सोडलेल्या पेशींपैकी पुष्कळ पेशी आधी फुफ्फुसांतच अडकतात, मेंदूपर्यंत फार थोड्या पोहोचतात. म्हणून आता बरेच शास्त्रज्ञ असे मानतात की, या पेशी नवा मेंदू घडवत नाहीत. फायदा झालाच तर त्या जी द्रव्ये सोडतात त्यांमुळे सूज कमी होऊन तो व्हावा. जाहिरातीतील ‘मेलेल्या पेशी पुन्हा तयार होतात’ हे वाक्य आणि शास्त्रज्ञांचे म्हणणे यांत एवढे अंतर आहे.

दिल्लीचा प्रयोग

आपल्याच देशात या इलाजाची नीट पारख झालेली आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे ‘एम्स’मध्ये, डॉ. कामेश्वर प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी ११ रुग्णांवर छोटा प्रयोग केला. रुग्णाच्या स्वतःच्याच अस्थिमज्जेतील पेशी काढून त्याच्या शिरेतून परत दिल्या. ११ पैकी ७ रुग्णांची तबियत सहा महिन्यांत चांगली सुधारली. हा निकाल २०१२ साली छापून आला.

एखादा दुकानदार असता तर येथेच थांबला असता आणि ‘अकरापैकी सात’ अशी पाटी लावून बसला असता. या डॉक्टरांनी तसे केले नाही. त्यांनी पाच रुग्णालयांत मिळून १२० रुग्णांवर मोठा प्रयोग केला. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर पेशी दिल्या, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. पेशी दिल्या त्या ५८ रुग्णांना सरासरी २८ कोटी पेशी मिळाल्या. त्या साधारणपणे लकव्यानंतर अठरा-एकोणीस दिवसांनी दिल्या गेल्या. सहा महिन्यांनी ज्यांनी रुग्ण तपासले, त्यांना कोण कोणत्या गटातला हे माहीत नव्हते.

तपासणीसाठी बार्थेल नावाचे १०० गुणांचे पत्रक वापरतात. स्वतःच्या हाताने जेवणे, कपडे घालणे, अंघोळ करणे, चालणे, जिना चढणे अशा रोजच्या कामांना त्यात गुण असतात. पेशी घेतलेल्या गटाचे सरासरी गुण आले ६३.१ आणि न घेतलेल्या गटाचे ६३.६. म्हणजे काहीच फरक नाही. दुसऱ्याच्या मदतीवाचून ज्यांचे चालत नाही अशा रुग्णांचे प्रमाणही दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. पेशी दिल्याने अपाय झाला नाही, पण फायदाही झाला नाही, असा निकाल २०१४ साली ‘स्ट्रोक’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मग लोकांना गुण आला असे का वाटते?

वाचक विचारतील की, आमच्या ओळखीच्या माणसाने इंजेक्शन घेतले आणि तो चालू लागला, त्याचे काय? त्याचे उत्तर दिल्लीच्या आकड्यांतच आहे. ज्यांनी पेशी घेतल्या नाहीत, तेही ६३ गुणांपर्यंत पोहोचले. पहिल्या काही महिन्यांत इंजेक्शन घेतले तर जी सुधारणा तशीही होणार होती, तिचे श्रेय इंजेक्शनाला जाते. याशिवाय, पुष्कळ ठिकाणी पेशींबरोबर रोज कसून व्यायामही करवून घेतात. गुण व्यायामाचा आणि पावती इंजेक्शनाची. आणि ज्यांना फरक पडला नाही, त्यांची चित्रफीत कोणी दाखवत नाही. दुकानाच्या काचेआड नेहमी उत्तम थानच लावलेले असते.

नवा रंग पक्का आहे, असे रंगवाला सांगतो तेव्हा आम्ही एक तुकडा पाहून माल घेत नाही. एकाच थानाचे दोन तुकडे करतो, एक जुन्या रंगात व एक नव्या रंगात काढतो, दोन्ही एकाच पाण्यात धुतो, एकाच उन्हात वाळवतो आणि मग शेजारी शेजारी ठेवून पाहतो. दिल्लीच्या डॉक्टरांनी नेमके हेच केले. शेजारी ठेवायला दुसरा तुकडा नसेल तर पहिल्या तुकड्याची तारीफ व्यर्थ असते.

परदेशातील तजुर्बा

परदेशांतही असेच घडले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जुना लकवा असलेल्या १८ रुग्णांच्या मेंदूत कवटीला छिद्र पाडून पेशी सोडण्यात आल्या. २०१६ साली निकाल छापून आला, काही रुग्णांत चांगली सुधारणा दिसली आणि जगभर बातम्या झळकल्या. त्याच पेशींवर जपानी कंपनी ‘सॅनबायो’ने मोठा प्रयोग केला. त्यात एका गटावर नुसती नावापुरती शस्त्रक्रिया केली, पेशी सोडल्याच नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीला जाहीर करावे लागले की, दोन्ही गटांत ठरवलेला फरक दिसला नाही. कंपनीच्या शेअरचा भाव कोसळला.

अमेरिकेतील क्लीव्हलंड येथील ‘अ‍ॅथर्सिस’ या कंपनीने लकव्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच पेशी देऊन पाहिल्या. २०१७ साली आलेल्या निकालात तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. जपानमध्ये त्याच पेशींचा २०६ रुग्णांवर प्रयोग झाला. २०२२ साली जाहीर झालेल्या निकालात तेथेही मुख्य उद्दिष्ट साधले नाही. जानेवारी २०२४ मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्यांनी या मालावर कोट्यवधी डॉलर लावले, प्रयोगशाळा उभारल्या, त्यांना तो सिद्ध करता आला नाही. मग जाहिरातीवाल्याने तो कसा सिद्ध केला, हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे.

संशोधन थांबलेले नाही. काही छोट्या प्रयोगांत थोडा फायदा दिसल्याचेही निकाल आहेत आणि पुढे एखाद्या दिवशी खरा इलाज निघेलही. परंतु उद्या येणाऱ्या मालाचे पैसे आज रोखीने मोजू नयेत.

‘नुकसान तर नाही ना?’

आशेपोटी माणूस म्हणतो की, गुण आला नाही तरी नुकसान काय? पहिले नुकसान पैशाचे आणि वेळेचे आहे. जे लाख रुपये इंजेक्शनात जातात, त्यांत वर्ष-दोन वर्षांचा व्यायाम आणि औषधे सहज झाली असती. दुसरे नुकसान शरीराचे होऊ शकते. एम्ससारख्या ठिकाणी कडक देखरेखीखाली पेशी देणे आणि कोठल्याही खोलीत तयार केलेल्या पेशी टोचून घेणे, यांत फरक आहे.

२०१६ साली अमेरिकेतील एका ६६ वर्षांच्या गृहस्थांची हकीगत प्रसिद्ध डॉक्टरी नियतकालिकात छापून आली. लकव्यानंतर त्यांनी चीन, अर्जेंटिना व मेक्सिको येथे जाऊन स्टेम सेलची इंजेक्शने घेतली. वृत्तपत्रांतील माहितीप्रमाणे प्रवास धरून खर्च तीन लाख डॉलरच्या आसपास गेला. काही काळाने त्यांच्या पाठीच्या कण्यात गाठ वाढली आणि त्यांचे शरीर आणखी लुळे पडले. तपासणीत आढळले की, गाठीतील पेशी त्यांच्या स्वतःच्या नव्हत्या, त्या दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरातल्या होत्या.

कायदा काय सांगतो?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताशी संबंधित आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडून स्टेम सेलचा अन्य वापर हा इलाज नसून प्रयोग समजला जातो. त्यानंतर औषध नियंत्रकांनी बंगळुरूच्या एका कंपनीच्या पेशींना पायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्याच्या आजारासाठी व गुडघ्याच्या झिजेसाठी परवानगी दिली. कोणी असा परवाना दाखवला तर तो कशासाठी आहे, हे वाचून पाहावे. गुडघ्याचा परवाना मेंदूला चालत नाही. लकव्यासाठी नेहमीचा इलाज म्हणून स्टेम सेलला भारत, अमेरिका व युरोप येथील औषध नियंत्रकांची मंजुरी नाही.

औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात लोकांमध्ये करण्यास मनाई आहे, त्यांच्या यादीत अर्धांगवायूचे नाव आहे. म्हणजे जाहिरात हातात आली, हीच सावध होण्याची पहिली खूण आहे.

खरा प्रयोग ओळखणे कठीण नाही. पैसे देण्याआधी पुढील गोष्टी विचाराव्यात :

१) हा इलाज आहे की प्रयोग? प्रयोग असेल तर भारतीय चाचणी नोंदवहीतील, म्हणजे ‘सीटीआरआय’मधील, त्याचा क्रमांक काय? २००९ पासून औषधांच्या प्रत्येक चाचणीची ही नोंद सक्तीची आहे आणि ती कोणालाही पाहता येते.

२) पैसे कशाचे? प्रयोगातील पेशींसाठी रुग्णाकडून फी घ्यावयाची नसते. जेथे प्रयोगही म्हणतात आणि लाखांचे बिलही देतात, तेथून उठावे.

३) संमतीचा कागद कोणत्या भाषेत आहे? तो रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावा लागतो. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या माणसाला इंग्रजी कागदावर नुसती सही करायला सांगितली तर सही करू नये. उर्दू, मराठी वा हिंदीत समजावून मागावे.

४) अपाय झाला तर जबाबदारी कोणाची? २०१९ च्या नियमांप्रमाणे प्रयोगामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. हे लिहून मिळते का, ते पाहावे.

पैसे कोठे लावावेत?

ज्या कसोटीवर स्टेम सेल उतरली नाही, त्याच कसोटीवर काही इलाज उतरलेले आहेत. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या अमेरिकेत ६२४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल १९९५ साली छापून आला. औषध घेतलेल्यांत तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे होण्याचा संभव किमान ३० टक्क्यांनी जास्त निघाला. त्यात मेंदूत रक्तस्रावाचा धोकाही वाढतो, तेही त्याच निकालात लिहिले होते. खरा व्यापारी मालातील खोट लपवत नाही. हे औषध लकवा आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी नळी बंद असेल तर तारेने गुठळी ओढून काढण्याचा इलाज २०१५ च्या प्रयोगांत सिद्ध झाला. २०१८ च्या प्रयोगांनंतर निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो. त्यातही जितकी घाई तितका फायदा.

म्हणून तोंड वाकडे झाले, एक हात खाली पडू लागला, बोलणे अडखळले, की मालिश, झाडफूक वा ‘सकाळी पाहू’ यांत वेळ घालवू नये. लक्षण कधी सुरू झाले ती वेळ लिहून ठेवावी, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे सीटी स्कॅन होतो अशाच रुग्णालयात न्यावे. स्कॅनशिवाय गुठळी आहे की रक्तस्राव, हे कळत नाही. म्हणून घरी कोणतीही गोळी देऊ नये, तोंडात पाणीही घालू नये. आपल्या भागात रात्री-अपरात्री असा इलाज कोणत्या रुग्णालयात मिळतो, हे आजच विचारून ठेवावे.

त्यानंतरचा पैसा शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडे, बोलणे गेले असेल तर वाचा-उपचारात आणि रक्तदाबाच्या गोळ्यांत लावावा. लुळा हात कामाला लावल्यानेच सुधारतो. तीच ती हालचाल दिवसातून अनेक वेळा, महिनोन्‌महिने करावी लागते. दुसरा झटका टाळण्यासाठी रक्तदाब व साखर काबूत ठेवणे, बिडी-तंबाखू सोडणे आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी न चुकवणे हेच उपाय आहेत. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक दुकानदाराने आणि कारागिराने रक्तदाब मोजून घ्यावा. त्याला काही मिनिटे लागतात आणि सरकारी दवाखान्यात खर्चही येत नाही.

घरातील माणूस अंथरुणाला खिळला असता घरच्यांनी कोणतीही किंमत मोजायला तयार व्हावे, यात त्यांचा दोष नाही. त्या तयारीचा धंदा करणाऱ्यांपासून मात्र जपावे. माग विकला तर घराची कमाई जाते आणि लकव्याच्या माणसाला पुढे कित्येक वर्षे औषध आणि आधार लागणार असतो. तो खर्च चालत्या मागातूनच निघायचा आहे. तेव्हा माग चालू ठेवावा, व्यायाम चालू ठेवावा आणि जाहिरातवाल्याला एकच सवाल करावा : शेजारी ठेवलेला दुसरा तुकडा कोठे आहे?